खाली साखळी, वर दोर

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या पिढीच्या किती घरांना हे आठवत असेल: गणपतीला गावी निघताना वडिलांच्या सामानात मखराच्या कागदांबरोबर गोणपाटात गुंडाळलेली एक जड साखळी असायची. वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर ती उचलताना हमालसुद्धा विचारायचा, काय लोखंड भरलंय का? लोखंडच असायचं.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये पिंपरीत आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज ऑटो आल्या, आणि दापोली-गुहागरकडची तरणी माणसं घाट चढून कामाला आली. घरटी एक भाऊ कंपनीत, एक गावी. गावच्या भावाकडे थोडी भातशेती, चार माड आणि दाभोळच्या खाडीत एक होडी. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू होईपर्यंत पैलतीरावरच्या सोयऱ्यांकडे जायचं तर होडीच जवळची. श्रावणात काकांचं आंतरदेशीय पत्र यायचं. खुशालीनंतरची ओळ ठरलेली: नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालतोय, नांगराची खालची साखळी झिजली आहे, येताना बघा.

मग रविवारी वडिलांबरोबर कुदळवाडीच्या भंगारात जायचं. चेनब्लॉकची जुनी साखळी ते कडीकडीने हातातून सरकवत बघायचे. दोन कड्या जिथे एकमेकींना घासतात, तिथे लोखंड बारीक झालेलं असतं. तिथे नख लावून पारखायचे; एखादी कडी जरी पातळ लागली तरी सगळी साखळी परत ढिगात. जोडीला कड्या जोडायच्या पिनवाल्या दोन शॅकल आणि चेतक स्कूटरच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा घ्यायचा.

आधी नुसता दोरच का नको, हे आम्हा पोरांना कळत नसे. ते काकांनी दाखवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल. सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार मागे हटलं की चिखलातला नांगर उघडा पडायचा आणि भोवतालच्या खडकांवर कालवांच्या धारदार कडा दिसायच्या. तळाशी दोर असता तर त्या कडांनी चार दिवसांत कापला असता. साखळीला त्याचं काही नाही. शिवाय ती स्वतःच्या वजनाने तळाला पडून राहते. लाटेने होडी मागे खेचली तर आधी साखळी उचलली जाते, त्यात हिसका जिरतो आणि नांगराला ओढ आडवी बसते. ओढ वर बसली तर नांगर उपटतो.

मग सगळीच साखळी का नाही? कारण तेवढं वजन लहान होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबतं. म्हणून वर दोर. तो ताणला जातो आणि परत येतो. पूर्वी काथ्याचा असे, पुढे नायलॉनचा आला. दोघांची मिळून लांबी भरतीच्या पाण्याच्या तिपटीहून कमी नको. उधाणाला पाणी सात-आठ फूट चढतं. ओहोटीच्या पाण्याला मापून बांधलेली होडी रात्रीतून नाळेवर बुडू शकते.

वडील दोराचे पेड उकलून लोखंडी कडीभोवती घ्यायचे आणि त्याच दोरात एकाआड एक ओवून घट्ट करायचे. तिथे गाठ मारायचीच नाही, गाठीपाशी दोराचं बळ घटतं. शॅकलची पिन आवळून बाइंडिंगच्या तारेने बांधायची, नाहीतर पाण्याच्या हालचालीने ती हळूहळू उलगडते. नाळेवर दोर घासतो तिथे चेतकची ट्यूब गुंडाळायची.

भरतीची वेळ कळायला तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गणपती घरी बसला की तीनच्या सुमारास खाडी भरलेली असणार, म्हणजे साखळीचं काम सकाळच्या ओहोटीलाच उरकायचं, मग आंघोळ आणि पूजा.

आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या दोघा भावांनी आपापली विद्या एकमेकांना देऊन टाकली होती. वडिलांनी शॉपफ्लोअरवरची शिस्त खाडीत नेली: तुटायची वाट बघू नका, झिजतंय तेव्हाच बदला. आणि काकांनी खाडीचं शहाणपण पिंपरीच्या घरात पाठवलं: जे पाण्याखाली आहे, दिसत नाही, ते आधी तपासा. आमची घरं या दोन वाक्यांवर चालली. कर्जाचे हप्ते, म्हाताऱ्यांची औषधं, भावाभावांतले न बोललेले विषय, सगळ्यांना तोच नियम.

आमची मुलं आज चाकणच्या कारखान्यांत आहेत. त्यांना यंत्राची देखभाल आमच्याहून चांगली कळते, खाडीची तिथी मात्र कळत नाही. वडील-काकांची पिढी अजून काही घरांत आहे, ऐंशीच्या घरात. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा त्यांना ओहोटीला बांधावर न्या, साखळी मुलांच्या हातात द्या आणि कुठली कडी बदलायची ते त्या थोरल्यांनाच सांगू द्या.