मी लिहिलेलं वय

वाळवा तालुक्यातल्या उसाच्या फडावरून त्या मुलीला आणलं, तेव्हा मी एका रुग्णालयात एक्स-रे विभागाची डॉक्टर होते. कुणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केला होता आणि बाल कल्याण समितीनं तिला वय ठरवण्यासाठी आमच्याकडे पाठवलं होतं. बरोबर हवालदार आणि सासू. मनगटाच्या फोटोसाठी बांगड्या काढायच्या म्हटल्यावर सासू अडून बसली, "चुडा नाही उतरवायचा, बाई." शेवटी साबण लावून तो हिरवा चुडा कोपराकडे सरकवला. बोटांवर पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या. "किती वर्षांची गं तू?" तिनं सासूकडे पाहिलं. "अठरा."

फोटोत मनगटाजवळची वाढरेषा बुजलेली होती, पण कमरेच्या हाडाची वरची कड अजून पुरती जुळली नव्हती. त्यावरून म्हणता येत होतं ते एवढंच, की सोळा ते अठराच्या दरम्यान. मी लिहिलं, '१८ वर्षे पूर्ण'. हवालदार म्हणत होता, "मॅडम, एकच आकडा द्या." मुलीनं स्वतः अठरा सांगितलं होतं आणि हात तर थोराड बाईचे वाटत होते. यातल्या एकाही गोष्टीचा हाडांशी संबंध नव्हता, आणि ते मला कळत होतं.

हाडावरून वय दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं जयामाला खटल्यात १९८२ सालीच नोंदवलं आहे. मनगटाच्या फोटोंचा ग्रुलिक आणि पाइल यांचा जो अ‍ॅटलास जगभर वापरतात, तो १९३०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून केलेला. आश्रय मागत एकट्यानं युरोपात पोचलेल्या अफगाण मुलांचीही मनगटं अशीच तपासली गेली. पण त्यांच्यातल्या कित्येकांचे कागद युद्धात मागे राहिलेले. या मुलीचा कागद मात्र बीड जिल्ह्यातल्या तिच्या गावच्या शाळेत होता.

बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ९४ क्रम स्पष्ट सांगतं: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. "कागद नाहीत," असं हवालदार म्हणाला आणि मी मान डोलावली. तू कुठल्या शाळेत होतीस, हे मी तिला विचारलंच नाही. तिचा दाखला आधी कुणी शोधला नसेल, तर मी तरी विचारायला हवं होतं.

पुढे एका कार्यकर्तीनं शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणला. मुलगी सोळा वर्षांची होती. जन्मतारीख १ जून, म्हणजे गुरुजींनी अंदाजानं घातलेली. पण पहिलीत नाव घालताना सहा वर्षांच्या पोरीचे चार-सहा महिने चुकतील, दोन वर्षं चुकणार नाहीत. ऊसतोडीची उचल जोडप्याला मिळते, म्हणून तिकडे मुलींची लग्नं उरकण्याची घाई असते. माझ्या आकड्यानं हे लग्न कायदेशीर ठरवून टाकलं. उतारा पोचेपर्यंत हंगाम संपला होता आणि टोळी निघून गेली होती.

आता मी फक्त मर्यादा लिहिते, 'किमान इतकं, कमाल इतकं', आणि खाली शाळेचं नाव-गाव. एकच आकडा हवा म्हणून काही अहवाल माझ्याकडे परत येतात. मी तेच कागद पुन्हा सही करून पाठवते.