अजिंठ्याच्या नर्तकीचा अभ्यास

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील डाव्या भिंतीवर एक नर्तकी सुमारे दीड हजार वर्षे नाचत आहे. राजा महाजनकाचे मन संसारातून उडाले. त्याला पुन्हा संसारात रमवावे, म्हणून हा नाच मांडलेला आहे. भोवती बासरी, मृदंग आणि झांजा वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. नर्तकीच्या अंगाला डौलदार बाक आहे. आता तिचे पाऊल उचलेल, असे पाहणाऱ्याला वाटते.

स्थिर भिंतीवर अशी गती उमटते कशी? ती विद्या मूळ चित्रांपाशी बसूनच शिकायला हवी. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर या चित्रांच्या प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. लेण्यात उजेड अंधूक. गिलावा जागोजाग गळलेला. भिंतीवरचे रंग मातीचे, मंद. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र तेलात कालवलेले चकचकीत रंग. तरीही त्यांनी रेषेमागून रेष कॅनव्हासवर उतरवली.

या कामाच्या पाठीशी जणू आग लागली होती. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक तैलप्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. १८८५ साली लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत विद्यार्थ्यांच्याही अनेक प्रती नष्ट झाल्या. पण ग्रिफिथ्स खचले नाहीत. उरलेल्या साहित्याच्या आधारे त्यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मग जळालेल्या प्रतींवरचे श्रम वाया गेले काय? भवानीनगरच्या शिवारात ऊस लावण्यापूर्वी शेतकरी जमीन नांगरतो, सऱ्या पाडतो. उंच वाढलेल्या उसात ती नांगरट कोणाला दिसत नाही. पण पीक तिच्याच बळावर उभे असते. पेस्तनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. अजिंठ्यात त्यांच्या हाताला जे वळण लागले, ते कोणत्याही आगीत जळणारे नव्हते.

भिंतीवरील काही भाग आज पुसट झाला आहे. तेथे पूर्वी काय होते, हे पाहण्यासाठी अभ्यासक लंडनच्या संग्रहालयातील त्या उरलेल्या प्रतींकडेच वळतात.