खुंटीला टांगलेली पुस्तकं

उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींत छापलेला पहिला कागद आज जगात कुठेही शिल्लक नाही. १६३९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, स्टीफन डे चालवत असलेल्या छापखान्यात, वसाहतीच्या नागरिकानं घ्यायची शपथ एका पानावर छापली गेली. तिची एकही प्रत उरली नाही. पाठोपाठ विल्यम पीअर्स नावाच्या जहाजाच्या कप्तानानं तयार केलेलं त्या सालचं पंचांग निघालं. तेही गेलं. तिसरं काम १६४० मधलं, ‘बे साम बुक’ हे स्तोत्रांचं पुस्तक. त्याच्या १७०० प्रती निघाल्या, ११ उरल्या आणि त्यातली एक २०१३ साली न्यू यॉर्कच्या लिलावात १ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली. बातमी झाली ती या तिसऱ्याची. माझं मन पहिल्या दोघांत अडकलेलं आहे. शपथेचा कागद आणि पंचांग लोकांनी हाताळले, वापरले, आणि वापरता वापरता ते संपले.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते आणि असे वापरून संपत आलेले कागद गोळा करते. साधारण १८३० च्या आतले. मुलांची अक्षरपुस्तकं, फाशी जाणाऱ्याच्या तोंडी घातलेल्या अखेरच्या बोलांची एकपानी पत्रकं, एखाद्या खेड्यातल्या पाद्रीबुवांचं अंत्यविधीचं प्रवचन, लिलावाची जाहिरात आणि सगळ्यात जास्त आल्मनॅक, म्हणजे इथली पंचांगं. मोठ्या नावाच्या पुस्तकांना माझी गरज नाही. त्यांची प्रत न् प्रत कुठे आहे हे लोकांना माहीत असतं. ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपनं छापलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या २६ प्रती आज माहीत आहेत. त्यांतली एक पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात ४ डॉलरला घेतलेल्या चित्राच्या चौकटीत, मागे घडी करून ठेवलेली सापडली आणि १९९१ साली २४ लाख डॉलरला विकली गेली. जुन्या वस्तूंच्या प्रत्येक बाजारात ही गोष्ट मला कुणी ना कुणी सांगतंच. गोष्ट खरी आहे, पण तिनं नुकसानही केलं आहे. माणसं चौकटी उचकटून पाहतात आणि शेजारच्या खोक्यातल्या कव्हर नसलेल्या चोपड्यांना हात लावत नाहीत.

त्या चोपड्यांसाठीच मी ब्रिमफील्डला जाते. मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सोबत लहान बॅटरी, भिंग आणि मोजपट्टी. हातमोजे घालत नाही. धुऊन कोरडे केलेले उघडे हात बरे, कारण कागदाचं बरंचसं बोटांनाच कळतं. अठराव्या शतकातला कागद चिंध्यांचा. सुती-तागी फाटके कपडे कुजवून, कुटून, तारेच्या चौकटीवर हातानं गाळलेला. उजेडासमोर धरला की त्या तारांच्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब लांब रेषा दिसतात. चिंध्यांचा तुटवडा एवढा असायचा की वर्तमानपत्रांतून घराघरांतल्या बायकांना चिंध्या जपून ठेवण्याच्या विनवण्या छापून येत. आज १७७० चं एखादं पान १८९० च्या वर्तमानपत्रापेक्षा पांढरं आणि लवचिक असतं ते त्या चिंध्यांमुळे. पुढचा लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून मोडतो. १८०० च्या आसपास रेषा नसलेला सलग कागद वाढत जातो, आणि त्याच सुमाराला एफसारखा दिसणारा लांब एस खिळ्यांच्या पेटीतून नाहीसा होतो. शीर्षकाचं पान फाटून गेलेलं असलं तरी या दोन खुणांवरून साल बरंच जवळ आणता येतं.

मग पान तिरकं धरायचं. खिळ्यांनी कागदात दाब दिलेला असतो, तो मागच्या बाजूला उठलेला दिसला पाहिजे. नंतर फर्मे मोजायचे. पानाच्या तळाशी ए, बी, सी अशी अक्षरं असतात ती बांधणाऱ्यासाठी. जुन्या छापखान्याची ही वर्णमाला तेवीसच अक्षरांची: आय आणि जे मिळून एक, यू आणि व्ही मिळून एक, आणि डब्ल्यू नाही. आयनंतर एकदम के आला तर पान हरवलेलं नाही. पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच्या पानाच्या तळाशी एकटा छापलेला असतो; तो जुळतो का पाहायचं. हे सगळं उन्हात उभं राहून, विकणाऱ्याची गिऱ्हाइकं सांभाळत, चोपडी वाकू न देता करायचं असतं. त्याचा हात बसायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांचा मला आनंद आहे.

सगळ्यात शेवटी मी बांधणीच्या आत पाहते. पुठ्ठ्याला चिकटवलेले कागद बऱ्याचदा छापखान्यातली रद्दी असतात. मेरी रोलँडसन या बाईनं मूळ रहिवाशांच्या कैदेतल्या आपल्या दिवसांची हकिकत लिहिली. ती १६८२ साली बॉस्टनला छापली गेली आणि घरोघर वाचली गेली. त्या पहिल्या आवृत्तीची पूर्ण प्रत आज नाही. जी थोडी पानं उरली, ती दुसऱ्या पुस्तकाच्या बांधणीत अस्तर म्हणून वापरली गेली होती म्हणून. वाचकांच्या हातातली सगळी पुस्तकं संपली आणि रद्दी वाचली.

आल्मनॅकबद्दल मात्र मला सविस्तर लिहायला हवं. ज्या घरात बायबलखेरीज दुसरं पुस्तक नव्हतं, तिथेही दरसाल हे विकत घेतलं जाई. चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, कोर्टाच्या तारखा, रस्त्यावरच्या खानावळींची अंतरं, हवामानाचे अंदाज. पहिल्या पानांत बहुधा एक उघडा माणूस चितारलेला असतो आणि त्याच्या अंगावर बारा राशी वाटून दिलेल्या असतात: मेष डोक्यावर, मीन पावलांवर. आपल्या घरी पंचांग पाहत वाढलेल्या माणसाला न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याचं घर त्या एका चित्रानं ओळखीचं वाटू लागतं. कोपऱ्यात भोक पाडून, दोरा ओवून ते चुलीजवळच्या खुंटीला टांगत. म्हणून त्याचा वरचा कोपरा काजळलेला आणि भोक लांबट फाटलेलं असतं. विकणारे याला दोष म्हणतात आणि किंमत कमी करतात. मी ती भोकं पाहूनच घेते. समासात शाईनं गाय व्याल्याची तारीख, पहिली थंडी, कुणाला किती धान्य उसनं दिलं त्याचा हिशोब. इतिहासाच्या पुस्तकात न आलेलं एक आख्खं वर्ष तिथे नोंदलेलं असतं. फ्रँकलिननं १७३२ पासून काढलेलं ‘पुअर रिचर्ड’ सगळ्यांना ठाऊक आहे. डेडहॅमच्या नॅथॅनिएल एम्सची पंचांगं, किंवा बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञानं १७९२ साठी स्वतः आकडेमोड करून तयार केलेलं पंचांग, यांच्याकडे तितके डोळे वळत नाहीत.

या साऱ्या कागदांचा वाटाड्या म्हणजे चार्ल्स एव्हान्स. बॉस्टनला जन्मलेल्या या ग्रंथपालानं १६३९ पासून अमेरिकेत छापलेल्या प्रत्येक गोष्टीची सालवार यादी करायला घेतली. पहिला खंड १९०३ साली निघाला. १८२० पर्यंत जायचा त्याचा बेत होता. बाराव्या खंडात १७९९ सालच्या एम अक्षरापर्यंत तो पोचला आणि १९३५ साली गेला. तेरावा खंड क्लिफर्ड शिप्टननं १९५५ साली पुरा केला. एकूण नोंदी ३९,१६२. त्यातल्या अनेक वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून घेतलेल्या, म्हणून प्रत्यक्षात कधी न छापलेली पुस्तकंही यादीत शिरली. पुढे रॉजर ब्रिस्टल यांनी १९७० साली पुरवणी काढली, तीत आणखी अकरा हजारांवर नोंदी. तरीही दोघांत न सापडणारा कागद अजून निघतो. विक्रेते ‘एव्हान्समध्ये नाही’ असं ठळक लिहून किंमत वाढवतात. मला त्या शब्दांत किंमत दिसत नाही, काम दिसतं: हा कागद मोजायचा, त्याचं वर्णन करायचं, तो कुठल्या गावात, कुठल्या घराच्या पसाऱ्यातून, कशाच्या सोबत निघाला हे लिहायचं, आणि ते ग्रंथालयाला कळवायचं. हे केलं नाही तर संग्रह ही नुसती मालकी राहते.

मूळ जागेची ही नोंद किती मोलाची, ते खोट्या कागदांनी शिकवलं. ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’चा ४ जानेवारी १८०० चा, जॉर्ज वॉशिंग्टनच्या मृत्यूची वार्ता देणारा काळ्या चौकटीचा अंक अनेक घरांत आजोबांचा ठेवा म्हणून जपलेला असतो. त्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून अमाप छापल्या गेल्या. अस्सल अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसला १९३० साली मिळाला. आणि ज्या पहिल्या शपथपत्राबद्दल मी सुरुवातीला लिहिलं, ते १९८५ साली सापडल्याचं मार्क हॉफमन नावाच्या विक्रेत्यानं जाहीर केलं. ते त्यानंच बनवलेलं होतं. त्याच वर्षी आपल्या फसवणुकी झाकण्यासाठी त्यानं सॉल्ट लेक सिटीत पेरलेल्या बॉम्बनी दोन माणसांचा जीव घेतला. हरवलेल्या पहिल्या वस्तूची हाव जिथे असते तिथे असा माणूस शिरतो. शेतकऱ्याच्या काजळलेल्या पंचांगाची नक्कल करण्यात कुणाचाच फायदा नाही.

आणखी एका गोष्टीचा मला संताप आहे. जुनं पुस्तक फोडून पान-पान विकणं. जॉन एलियटनं मूळ रहिवाशांच्या भाषेत केलेलं, १६६३ साली पूर्ण छापलेलं बायबल घ्या. त्याच्या छपाईत जेम्स प्रिंटर या निपमक जमातीच्या तरुणाचे हात होते. त्याची सुटी पानं चौकटीत घालून भिंतीवर लावलेली पाहिली की मला तिथे बसवत नाही. पुस्तक अपुरं असलं तरी ते जसं आलं तसंच राहू द्यावं.

वापरून संपणारा कागद जपायला हवा, हे आयझाया थॉमस या छापणाऱ्याला कळत होतं. वाचता येण्याआधीच तो खिळे जुळवायला उभा राहिला, आणि त्याच्या हातचं पहिलं काम होतं एक बाजारी गाणं. एप्रिल १७७५ मध्ये, लेक्सिंग्टनची चकमक व्हायच्या आधी काही दिवस, त्यानं आपलं छपाईयंत्र बॉस्टनमधून गुपचूप वूस्टरला हलवलं. पुढे तो श्रीमंत झाला, १८१० साली त्यानं अमेरिकेतल्या मुद्रणाचा इतिहास लिहिला, १८१२ साली अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापली. पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते १८१३ चं: बॉस्टनच्या एका छापणाऱ्याकडून त्यानं रस्त्यावर विकली जाणारी तीनशेच्या वर एकपानी गाणी एकदम विकत घेतली आणि सामान्य लोक काय वाचतात ते पुढच्यांना कळावं म्हणून तीन खंडांत बांधून ठेवली. कालची गाणी, ताजी, स्वस्त. ती ठेवण्यासारखी आहेत असं त्या दिवशी फारच थोड्यांना वाटलं असतं.

माझ्या कपाटातला एक खण मात्र माझ्या भाषेमुळे भरला. १८१२ साली हॅव्हरहिल गावची हॅरिएट न्यूएल नवऱ्यासोबत हिंदुस्थानात मिशनरी म्हणून निघाली आणि एकोणिसाव्या वर्षी मॉरिशसला वारली. तिचं चरित्र १८१४ साली बॉस्टनला निघालं आणि त्याच्या आवृत्तीवर आवृत्ती झाली. आज ते दुर्मीळ म्हणता येणार नाही, पण धड प्रत क्वचित मिळते. मुलींनी ते वाचून वाचून झिजवलं आहे. तिचा नवरा सॅम्युअल मुंबईला पोचला. त्यानं आणि गॉर्डन हॉलनं मुंबईत लिहिलेली, साठ कोटी माणसांच्या धर्मांतराचा हिशोब मांडणारी पुस्तिका १८१८ साली अँडोव्हरला छापली गेली. त्यांचा हेतू मला मान्य नाही. पण मुंबईत लिहिलेला मजकूर समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यांत वाचला जात होता, याचा तो कागद पुरावा आहे. हॉल १८२६ साली नाशिकजवळ पटकीनं गेला. त्यांना पाठवणाऱ्या मिशनरी मंडळाच्या ‘मिशनरी हेरल्ड’मध्ये मुंबईच्या शाळांची आणि छापखान्याची पत्रं येत. त्याच मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर काढलं. न्यू इंग्लंडच्या खुंटीवरच्या आल्मनॅकपासून आपल्या छापील पंचांगापर्यंत हा एक खरा धागा जातो, आणि त्याचा फार थोडा कागद उरला आहे.

म्हणून न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. गावच्या चर्चच्या किंवा ग्रंथालयाच्या विक्रीत दोऱ्यानं टाचलेली, कव्हर नसलेली चोपडी दिसली, आणि तिच्यात ‘बॉम्बे’ किंवा ‘माहराट्टा’ असं कुठे छापलेलं असलं, तर ती उचला. चिकटपट्टी लावू नका, समासातली शाई पुसू नका, घडी उलगडायची घाई करू नका. ती कुठे, कुणाच्या सामानात, कशासोबत मिळाली ते वेगळ्या चिठ्ठीवर तारखेसह लिहा. आणि वूस्टरला सॅलिसबरी स्ट्रीटवर थॉमसच्या सोसायटीचं वाचनदालन आहे, तिथे घेऊन जा. तिथे संशोधन करायला पैसे पडत नाहीत.