नक्कल आणि मूळ

आमच्या वाचनालयाला एका माजी विद्यार्थ्याने जुना संगणक दिला. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. पुस्तकांची यादी त्यात असते आणि रोज रात्री तिची एक प्रत इंटरनेटवरून बाहेर जाते. राखण माझ्याकडे, कारण निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज!

मध्यंतरी इंटरनेटची कंपनी बदलली, राउटर मात्र जुनाच ठेवला. तेव्हापासून प्रत जाईना. पडद्यावर एकच तक्रार, नावाचा पत्ता सापडत नाही. गंमत म्हणजे ८.८.८.८ हा आकडा देऊन पिंग केलं की लगेच उत्तर येई. म्हणजे रस्ता सुरू, फक्त नावावरून घर सापडेना.

आपल्या भागात एकाच नावाची कितीतरी गावं. पत्रांचा हा घोळ मिटावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. भंडारा म्हणजे ४४१९०४. संगणकाचंही तसंच. माणूस नाव लिहितो, यंत्राला आकडा लागतो. दोघांची गाठ घालणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

आकडा कोणाला विचारायचा, ते 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' नावाच्या फाइलीत असतं. मी तिथे ८.८.८.८ लिहिलं, काम झालं. लाइट जाऊन आली, पुन्हा जैसे थे. पुन्हा लिहिलं. असं चार वेळा झाल्यावर त्या विद्यार्थ्याला फोन केला.

"गुरुजी, फाइलीतली वरची ओळ वाचली काय? हातानं बदलू नका म्हणून लिहून आहे तिथं."

खरंच होतं! ती फाइल म्हणजे नक्कल. संगणक सुरू झाला की राउटर सांगेल तो आकडा तिच्यात नव्याने उतरतो. राउटरमध्ये जुन्या कंपनीचा आकडा कुणीतरी भरून ठेवलेला होता, आणि तिकडून आता आम्हाला उत्तर मिळत नव्हतं. तिथे एकदाच बदल केला. आता रोज प्रत जाते.

"नक्कल दुरुस्त करून काय होते गुरुजी, मूळ तसंच राहते नं," तो हसत म्हणाला.

फोन ठेवला आणि मला दुसराच एक मुलगा आठवला. मी मुख्याध्यापक होतो. दाखलखारीज रजिस्टरात त्याच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं. त्याने दाखला मागितला तेव्हा मी दाखल्यावर तेवढं नीट लिहिलं, सही केली. रजिस्टरातली दुरुस्ती करायची तर वर प्रस्ताव पाठवावा लागणार. परीक्षेचे दिवस होते, राहून गेलं. पुढे त्याने दाखल्याची दुसरी प्रत काढली, ती रजिस्टरावरूनच निघाली, जुन्या चुकीसकट. एका भरतीत त्याचे कागद जुळले नाहीत. संधी गेली.

तो मला कधी काही बोलला नाही. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. तेच जास्त लागतं.

ती वरची ओळ मी वाचली नव्हती. रजिस्टराचं मात्र मला माहीत होतं.