किटलीच्या मागोमाग

गावोगावच्या आळ्यांवर लिहायचं म्हणून हिंडू लागलो आणि एक खोड लागली. नव्या पेठेत शिरलो की मी हॉटेलची पाटी बघत नाही, किटलीवाला बघतो. त्याच्या हातातल्या तारेच्या स्टँडमध्ये भरलेले ग्लास असतील तर त्याला जाऊ द्यावं, दुकानांना चहा पोचवायचा असतो. रिकामे ग्लास खळखळत असतील तर मात्र निमूट मागे जावं. तो जिथे वळतो तिथे बसायला फार तर एक फळकूट असतं आणि चहा आळीतल्या माणसांच्या जिभेला बेतलेला असतो. हनोईतल्या एका चिंचोळ्या बोळात अंडं फेटून केलेली कॉफी मिळते, काफे ज्यांगमध्ये. तिची कीर्ती जगभर झाली आणि आता तिथे रांग असते. आपल्या टपऱ्यांना अजून तो शाप नाही.

अशा टपऱ्या शांत आळ्यांतच सापडतात, आणि साताऱ्यात ही शांतता चढाने राखली आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी थोरल्या शाहूंनी वसवलेलं हे गाव उतारावरचं. राजपथ हा वरचा रस्ता, कर्मवीर पथ खालचा, दोन्ही गजबजलेले. पण त्यांच्या मधल्या उभ्या बोळांत गाडी घालायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रडत जायचं. मोती चौकात कंदी पेढे घ्यायला झुंबड, आणि हाकेच्या अंतरावर कुणी ओट्यावर गहू निवडत बसलेलं.

सांगली सपाट, तिथे हे काम कृष्णामाई करते. घाटाकडे जाणारी वाट घाटावरच संपते. पलीकडे जायचं तर १९२९ चा आयर्विन पूल आहे, त्यामुळे या वाटेला विनाकारण कुणी येत नाही. तिथल्या एका टपरीवाल्याने चहा गाळता गाळता भिंतीवरची २०१९ च्या पुराची रेघ दाखवली होती. आम्ही दोघांनी उभं राहून हात वर केले तरी ती वरच राहिली.

पण माझा जीव अडकतो मिरजेत, सतारमेकर गल्लीत. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव, इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दारात वाळलेले भोपळे रचलेले, आत लाकडाचा भुसा. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत असतो. घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा जीव सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, नाद फुलेपर्यंत. बाहेर हॉर्न वाजला की त्याचा हात थांबतो. तिथली शांतता भटक्यांच्या सोयीसाठी नसते, ती त्याच्या कानशीइतकीच कामाची. म्हणून चहा आला तरी हाका मारायच्या नाहीत. ग्लास ठेवून किटलीवाला निघून जातो, तार जुळली की कारागीर मान वर करतो. तोवर चहावर साय धरलेली असते, ती बोटाने बाजूला सारून तो पितो.

मित्र टपरीचा पत्ता मागतात. गल्ली सांगतो, टपरी सांगत नाही. जायचंच तर सकाळी अकराच्या सुमारास जा, गाडी लांब लावा आणि सुटे पैसे ठेवा.