अर्ध्या इंचातला स्वर

दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर नुसते आघात करून गिटार वाजवण्याची रीत, म्हणजेच टॅपिंग, एडी व्हॅन हेलनने शोधून काढली असे अनेकांना मनापासून वाटते. १९७८ साली 'इरप्शन' प्रसिद्ध झाले आणि एका पिढीने ती रीत प्रथमच ऐकली, हे खरे. परंतु जिमी वेबस्टर या अमेरिकी वादकाने 'टच सिस्टिम' शिकवणारी पुस्तिका १९५२ सालीच छापली होती. आघाताने तार बोलती करण्याची कल्पना तर त्याहूनही पाचशे वर्षे जुनी आहे.

क्लॅव्हिकॉर्ड या वाद्याचे नाव १४०४ सालच्या एका जर्मन काव्यात आढळते. बाहेरून ते लहानशा पेटीसारखे दिसते, पण आतली रचना वेगळीच. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाचे पितळी पाते वर येऊन तारेला भिडते. तेच पाते तारेला नादवते आणि तेच तिची नाद देणारी लांबीही ठरवते. पाते टेकलेले असेल तोवरच स्वर जिवंत असतो. पात्याच्या पलीकडचा, नको असलेला भाग बोलू नये म्हणून तारांत कापडाची पट्टी ओवलेली असते. म्हणजे येथे पडदा आणि आघात या दोन गोष्टी नाहीतच. पडदाच येऊन तारेवर आपटतो.

लॉस एंजेलिसमधील जॅझ गिटारवादक एमेट चॅपमन याने ऑगस्ट १९६९ मध्ये हीच क्रिया उलटी केली. गिटारची दांडी जवळजवळ उभी धरून त्याने दोन्ही हात दोन बाजूंनी दांडीला काटकोनात आणले आणि बोटांनी तारा पडद्यांवर ठोकायला सुरुवात केली. आता पडदा स्थिर होता आणि तार त्यावर आपटत होती. या रीतीसाठी त्याने घडवलेले दहा तारांचे वाद्य १९७४ पासून 'चॅपमन स्टिक' या नावाने विकले जाऊ लागले. मोकळ्या तारा गुणगुणू नयेत म्हणून खुंट्यांच्या बाजूस त्यांना दाबणारा मऊ पट्टा त्यातही आहे. क्लॅव्हिकॉर्डच्या कापडाचाच तो वंशज म्हणावा. चॅपमनने ते कापड पाहून केले असे येथे सुचवायचे नाही. एकच अडचण दोनदा आली आणि दोनदा तोच उपाय सुचला, एवढेच.

मात्र पट्टी काढून बोट थेट तारेवर आणण्याची एक किंमत होती, आणि ती वरच्या सप्तकात द्यावी लागली.

क्लॅव्हिकॉर्डच्या पट्ट्या खालच्या स्वराला असोत वा वरच्या, सारख्याच रुंद. दांडीवर तसे नाही. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवीत. १५८१ सालच्या आपल्या संगीतविषयक संवादग्रंथात त्यांनी पडदे बसवण्याचा सोपा हिशेब मांडला: तारेची जेवढी लांबी उरली असेल, तिचा अठरावा भाग सोडावा आणि पुढचा पडदा बसवावा. या हिशेबाने बारावा पडदा बरोबर मध्यावर पडत नाही, किंचित अलीकडे राहतो. आज १८ ऐवजी १७.८१७ हा भाजक घेतात. पण मुद्दा तोच राहतो. प्रत्येक अंतर आधीच्याहून लहान.

३६ इंचांची तार घेऊ. स्टिकच्या मोठ्या नमुन्यांत ती साधारण एवढीच असते. तिच्यावर पहिले अंतर सुमारे ५१ मिलिमीटर येते. बारावे २७. चोविसावे जेमतेम साडेतेरा, म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित जास्त. तेवढ्यात प्रौढ माणसाच्या बोटाचे टोक कसेबसे मावते. गिटारच्या रुंद जातीचा, पावणेतीन मिलिमीटरचा पडदा येथे बसवला तर पहिल्या अंतरात तो विसाव्या भागाहून किंचितच जास्त खातो. चोविसाव्यात मात्र पाचवा भाग गिळून बसतो. बोट ऐन पडद्यावर पडले की तार गुदमरते आणि स्वराऐवजी नुसती टकटक ऐकू येते. नखीने छेडणाऱ्याला ही अडचण इतकी जाचत नाही, कारण त्याचा स्वर दुसऱ्या हाताने जन्माला येतो. येथे दुसरा हात दुसरेच काही वाजवत असतो.

म्हणून पडदा अरुंद हवा. पण अरुंद म्हणजे लवकर झिजणारा, कारण या वाद्यात तो दिवसभर ठोके खातो. गिटारच्या पडद्यांत सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू तुलनेने मऊ असतो. झिजून माथा सपाट झाला की तार नेमकी कोठून सुटते ते अनिश्चित होते. एक मिलिमीटरची चूक पूर्ण लांबीच्या तारेत खपून जाते. दोन सप्तके वर, जेथे नऊच इंच तार उरते, तेथे तीच चूक चौपट बेसूर लागते. उंचीचाही असाच पेच आहे. पडदा फार बुटका असेल तर ठोका बोथट होतो, फार उंच असेल तर बोटाच्या जोराने तार ताणली जाऊन स्वर चढतो. क्लॅव्हिकॉर्डवादक हा चढाव मुद्दाम, कंपनासाठी वापरीत. मिरजेच्या सतारीवर तर उंच, कमानदार पडदे हीच सोय, कारण मींडेसाठी तार ओढता आली पाहिजे. टॅपिंगमध्ये एकाच वेळी अनेक स्वर उठत असताना मात्र प्रत्येकाचा असा चढाव परवडत नाही.

चॅपमनने आधी स्टेनलेस स्टीलच्या गोल सळया बसवल्या. पुढे त्यांच्या जागी रुळासारखे, माथ्याकडे निमुळते होणारे पडदे आले. तारेला टेकायला चिंचोळी कड, बोटाला दोन्ही बाजूंनी उतार आणि झिजेला तोंड देणारा कठीण धातू. व्हॅन हेलनच्या चाहत्यांना यात काही नाट्य दिसणार नाही. तरी वाद्याच्या इतिहासात हा बदल एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेइतकाच मोलाचा मानायला हवा. त्याखेरीज अर्ध्या इंचाच्या त्या घरात स्वर उमटण्याची खात्री नव्हती.

गंमत अशी की जगाने स्टिक ऐकली ती बव्हंशी खर्जात. १९८१ साली किंग क्रिम्सनच्या 'डिसिप्लिन' या ध्वनिमुद्रिकेवर टोनी लेव्हिनने ती वाजवली आणि 'एलिफंट टॉक'मधली तिची जाड, उड्या मारणारी खालची चाल सर्वांच्या ध्यानात राहिली. चॅपमन २०२१ मध्ये वारला. वरच्या सप्तकातले ते अरुंद पडदे आजही नव्या स्टिकवर बसवले जातात.