परक्या माशाची नदी

गळ म्हटला की आमिष आलंच. कोकणात गरवायला बसलेला माणूस गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो, पाण्यात सोडतो आणि स्वस्थ विडी पेटवतो. पुढचं काम माशाचं. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटमागे येणारी मंडळी अशी बसत नाहीत. ती हाडं गोठवणाऱ्या पाण्यात गुडघाभर उभी असतात, आणि त्यांच्या गळाला खाण्याजोगं काहीच नसतं. बारीक आकड्याभोवती रेशमाचे चार वेढे, कोंबड्याचं एखादं पीस, एवढाच जामानिमा. ही त्यांची ‘फ्लाय’, म्हणजे नकली माशी.

युक्ती फार जुनी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांची हकिगत लिहून ठेवली. तिथल्या नदीवर घोंगावणारी खरी माशी हाताळली की तिचा रंग उडायचा, म्हणून ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि वर कोंबड्याची दोन पिसं बांधत.

पिसाला वजन नसतं, त्यामुळे ते भिरकावता येत नाही. भिरकावायची ती दोरी. काठी मागे नेली की जड दोरी डोक्यावरून मागे उलगडत जाते. ती पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच काठी पुढे आणायची. उतावळ्याची दोरी त्याच्याच पायाशी गोळा होते. मनगटातल्या जोरापेक्षा मधला तो थांबा महत्त्वाचा, तबल्यातल्या खालीसारखा.

फेक जमली तरी विद्या अर्धीच. ट्राउट खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून ठाण मांडतो आणि वाहत येईल ते टिपतो. वरचं जग त्याला पाण्याच्या एका गोल खिडकीतून दिसतं, म्हणून त्याच्याकडे मागून, खालच्या अंगानं जायचं. फ्लाय पाण्याच्याच गतीनं वाहायला हवी. दोरीनं तिला जरा ओढलं की मासा तोंड फिरवतो. शिवाय आज त्याच्या ताटात काय आहे, हेही कळायला हवं. त्यासाठी नदीतला एखादा दगड उलटून पाहावा. खाली मेफ्लाय या किड्याची चपटी पिल्लं घट्ट चिकटलेली असतात. कॅडिसच्या अळीनं वाळूचे कण आपल्या रेशमानं सांधून घर बांधलेलं असतं. मेफ्लायचा बहुतेक जन्म पाण्यात जातो. पंख फुटल्यावर काही तास, फार तर एकदोन दिवस हाती उरतात, आणि तेवढ्यात ती काही खातही नाही. तिचं तोंड खाण्याच्या कामाचं राहिलेलंच नसतं. अशा कितीतरी किड्यांना गार, निर्मळ, वाहतं पाणी लागतं. दगडाखालचं वाचता येणाऱ्याला नदीची तब्येत आपोआप कळते.

आणि तरीही हा ट्राउट इथला नव्हे. साहेबांना विलायतेतला छंद हिमालयात हवा होता. 1900 साली ब्राऊन ट्राउटची अंडी काश्मीरात सुखरूप पोचली आणि काही वर्षांत हा मासा कुलूच्या पाण्यातही आला. ब्राऊन ट्राउट, रेनबो ट्राउट, लार्जमाउथ बास आणि कॉमन कार्प हे जगभरच्या गळवाल्यांचे लाडके. जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत हे चौघेही आहेत.

साहेबाला हसायचं कारण नाही. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात वाढवलेला निळ्या परांचा महसीर मोठ्या कौतुकानं कावेरीत सोडला गेला. तिथला मूळचा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्यात या पाहुण्याचाही हात असल्याचं अभ्यासक मानतात.

पण तीर्थनची गोष्ट इथं संपत नाही. तिच्यावर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले, तेव्हा माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले गावकरी कोर्टात गेले. ही ट्राउटची नदी आहे, हा त्यांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता. प्रकल्प बारगळले. शेजारच्या सैंज नदीचं पाणी बोगद्यांतून फिरलं. तीर्थन मोकळी वाहते आहे. उपऱ्या माशानं यजमानाचं घर राखलं, असा हा उलटा न्याय.

म्हणून त्या माशाला सरसकट शिव्या घालवत नाहीत, आणि त्याला आणणाऱ्यांची पाठही थोपटवत नाही. छंद मात्र चांगला आहे. ज्याला जिवंत मासा हवा, त्याला जिवंत नदी हवीच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीचा काळ, तेव्हा गळ बंद ठेवावा. परवाना काढावा, आकड्याचा काटा घासून टाकावा, हात ओले करून मगच मासा धरावा. पकडलेला मासा त्याच्याच पाण्यात जरूर सोडा. नवा मासा मात्र हौसेखातर कुठल्याही नदीत सोडू नका.